इंद्रायणीचा डोह आणि आपल्या दुखावलेल्या भावना

गेल्या महिन्यात आमच्या भजनी मंडळातली चार तरुण पोरे संध्याकाळी घरी आली. चौघेही माळकरी, त्यातले दोघे हाताचे चांगले मृदंगवादक. बरोबर एक निवेदन होते. कोणीतरी मोबाइलवर संतांविषयी वेडेवाकडे लिहिले आहे, त्यामुळे समस्त वारकऱ्यांच्या भावना दुखावल्या आहेत, तरी लिहिणाऱ्यावर गुन्हा दाखल करून अटक करावी, असा मजकूर. खाली पन्नासेक सह्या.

"महाराज, तुमची सही सगळ्यात वर पाहिजे," एकजण म्हणाला.

मी विचारले, "त्याने काय लिहिले आहे, ते तुम्ही वाचलेत का?" चौघांनी एकमेकांकडे पाहिले. वाचायची काय गरज, सगळे सांगतातच की, असे उत्तर आले. मी सही केली नाही. पोरे चहा न घेताच उठली. अंगणातून जाताना एकाचे बोलणे कानावर आले, "बाबा आता थकले."

थकलो हे खरे. गुडघ्यांनी गादी सोडायला लावली, त्याला बरीच वर्षे झाली. पण सही न करण्याचे कारण ते नव्हे. ते कारण त्या दिवशी मला नीट सांगता आले नाही, म्हणून या मासिकाच्या वाचकांसमोर सांगतो. ती पोरेही हे मासिक वाचतात.

२००९ साली मी अशीच एक सही केली होती.

त्या वर्षी महाबळेश्वरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरायचे होते. 'झोंबी'कार डॉ. आनंद यादव अध्यक्ष म्हणून निवडून आले होते. त्यांच्या 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीत तुकोबांच्या तरुणपणाचे जे चित्र होते, त्यावरून आपल्या संप्रदायात संताप उसळला. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतले. तरी आपले समाधान झाले नाही. अखेर त्यांना अध्यक्षपद सोडावे लागले आणि संमेलन निवडून आलेल्या अध्यक्षाशिवाय पार पडले. प्रकरण न्यायालयातही गेले. २०१४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने पुस्तकाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. २०१६ मध्ये यादव वारले.

त्या वेळी मी ओळीने आठ-दहा गावांच्या सप्ताहांत त्या पुस्तकावर बोललो. प्रत्येक ठिकाणी टाळ्या पडल्या. पुस्तक मात्र मी वाचलेले नव्हते. पुढे काही वर्षांनी एका शिक्षकाने ते आणून दिले, तेव्हा वाचले. मला ते आवडले नाही. संतचरित्रात कल्पनेला किती मोकळीक द्यावी, याविषयी माझे मत आजही त्या लेखकाच्या विरुद्ध आहे. पण हे मत वाचल्यावर झाले. बोलून आधीच बसलो होतो.

आळंदीत शिकत असताना आमचे गुरुजी 'विचारसागर' सांगत. त्यांचा एक दंडक होता. पूर्वपक्ष असा मांडायचा की तो ऐकून प्रतिपक्षी म्हणाला पाहिजे, होय, मला हेच म्हणायचे आहे. तेवढे जमत नसेल तर खंडन करायला उभे राहायचे नाही. हा दंडक मी नारदाच्या गादीवर उभे राहून मोडला. त्याचे प्रायश्चित्त म्हणून आज तरी पूर्वपक्ष नीट मांडतो.

पोरांचे म्हणणे असे. संत आमचे मायबाप आहेत. आपल्या बापाला कोणी भर चौकात शिव्या दिल्या तर लेकराने गप्प बसायचे का? ज्याला माळ, तुळस, एकादशी यांतले काही ठाऊक नाही, त्याने गंमत म्हणून आमच्या दैवतावर शिंतोडे उडवायचे आणि त्याला स्वातंत्र्य म्हणायचे. आम्ही दुखावलो असे म्हटले की आम्ही मागासलेले. शिवाय इतर धर्मांविषयी असे लिहायची या लोकांची छाती होत नाही. आम्ही सोसतो म्हणून आम्हालाच बोलतात. मग सोसायचे तरी का?

यात वेदना खरी आहे. ती खोटी ठरवण्यासाठी मी लिहीत नाही. तुकोबांविषयी वाकडा शब्द ऐकला की मलाही पोटात कालवते. प्रश्न वेदनेचा नाही, वेदना झाल्यावर वारकऱ्याने काय करायचे याचा आहे. आणि त्याचे उत्तर शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. देहूपर्यंत गेले तरी पुरते.

तुकोबांवर आक्षेप काय होता? शूद्राने वेदांचा अर्थ प्राकृतात बोलावा हा धर्माचा अपमान आहे, हा. म्हणजे आजच्या निवेदनाच्या भाषेत, धार्मिक भावना दुखावल्या. आक्षेप घेणारे रामेश्वरभट्ट कोणी गावगुंड नव्हते. वाघोलीचे विद्वान, आचारशुद्ध ब्राह्मण होते. आपण धर्म राखतो आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यांचे दुखणेही खरेच होते. आणि त्या खऱ्या दुखण्यापायी अभंगांच्या वह्या इंद्रायणीच्या डोहात गेल्या.

पुढची कथा तुम्हाला पाठ आहे. तुकोबा तेरा दिवस शिळेवर अन्नपाण्यावाचून बसले आणि वह्या तरल्या. भाविक म्हणतात देवाने तारल्या. अभ्यासक म्हणतात लोकांच्या कंठाने तारल्या. कोणतेही धरा, बुडवणाऱ्याच्या हाती काही लागले नाही. त्या तेरा दिवसांत तुकोबांनी रामेश्वरभट्टांना शिक्षा व्हावी म्हणून कोणाचे दार ठोठावले नाही. धारेवर धरले ते पांडुरंगाला, जो आपला होता त्याला.

आणि मग जे घडले ते आपण रोज गातो, पण त्याचा विचार करत नाही. तेच रामेश्वरभट्ट तुकोबांना शरण आले. आपण जी तुकोबांची आरती म्हणतो, ती त्यांची रचना आहे. वह्या बुडवायला लावणाऱ्याची आरती आज गावोगावच्या देवळांत म्हटली जाते. त्यांना कोणी वळवले? कोतवालाने नाही, पाटलाने नाही, सह्यांच्या कागदाने नाही. रामेश्वरभट्ट तेव्हाच कोठडीत पडले असते, तर ती आरती आपल्याला मिळाली असती का?

आता २००९ साली आपण कुठे उभे होतो ते पाहा. डोह तोच होता, फक्त काठावरची आपली जागा बदलली होती. तुकोबांचे नाव घेऊन आपण रामेश्वरभट्टांच्या जागी जाऊन उभे राहिलो. कादंबरी आणि गाथा यांची बरोबरी मी करत नाही. ती होऊच शकत नाही. पण पुस्तक बुडवण्याची रीत एकदा चांगली म्हटली की कोणते पुस्तक बुडवायचे हे पुढे आपण ठरवत नाही. ज्याच्या मागे जमाव मोठा, तो ठरवतो. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात तेच झाले. एका परदेशी लेखकाच्या पुस्तकाचा राग भांडारकर संस्थेवर निघाला आणि आपल्याच पूर्वजांनी जपलेल्या पोथ्या आणि ग्रंथ यांची नासधूस झाली. ज्याचा राग होता तो लेखक तिथे नव्हताच.

कोणी म्हणेल, तुकोबांची गोष्ट वेगळी, ते संत होते, आम्ही साधी माणसे. मग माउलींचे पाहा. संन्याशाची पोरे म्हणून या भावंडांना लोकांनी किती बोलावे? एकदा असाच अपमान झाला आणि माउली खोपीची ताटी लावून आत बसले. म्हणजे दुखावणे संतांनाही चुकले नाही. तेव्हा धाकटी मुक्ताई दाराशी आली. तिने अपमान करणाऱ्याला शासन करू असे सांगितले नाही आणि तुला राग का आला असेही विचारले नाही. लोक कसेही वागोत, तू तुझे संतपण सोडू नकोस आणि दार उघड, एवढाच तिचा हट्ट. माउलींनी दार उघडले, म्हणून आपल्याला पुढचे सगळे मिळाले. आणि ज्ञानेश्वरीच्या शेवटी त्यांनी देवाजवळ मागितले तेही दुष्टांचा नाश व्हावा असे नाही, त्यांच्यातला दुष्टपणा जावा असे. आज संप्रदायातले अनेकजण ताटी लावून आत बसले आहेत आणि आतूनच पोलिसांना फोन करत आहेत. मुक्ताईने काय म्हटले असते?

नाथमहाराजांचे उदाहरण तर आजच्या दिवसांत छापायलाही संपादकांना विचार पडेल. त्यांचा 'हिंदू-तुर्क संवाद' ज्यांनी वाचला असेल त्यांना ठाऊक आहे. हिंदू आणि तुर्क समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या देवांवर, शास्त्रांवर, आचारांवर अशी टीका करतात की आज ती कोणी चौकात म्हणून दाखवली तर दोन्हीकडून दोन गुन्हे नोंदवले जातील. नाथांनी दोघांनाही पोटभर बोलू दिले. कोणाचेही तोंड दाबले नाही. आणि बोलून झाल्यावर दोघे एकमेकांना आलिंगन देतात. ती भेट नाथांनी भांडणाच्या शेवटी घातली आहे. भांडण वगळून नुसती भेट त्यांनी लिहिली नाही, हे विसरू नका. सोळाव्या शतकात पैठणच्या एका ब्राह्मणाला हे लिहिण्याची छाती झाली. त्याचे नाव घेणारे आपण एका लिखाणाने हादरतो.

याहून जवळचे आणि जास्त बोचणारे उदाहरण पंढरपूरचे आहे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. मागणी एवढीच की विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या भक्तांना मोकळे व्हावे. चोखोबांची समाधी नामदेव पायरीपाशी, देवळाच्या बाहेर, शेकडो वर्षे उन्हापावसात होती. तेव्हा विरोध करणाऱ्यांचा मुद्दा कोणता होता? आमची श्रद्धा दुखावते, परंपरा बाटते, देवत्व जाते. त्यांनाही खरोखरच दुखत होते. पण ज्याला दुखते त्याचेच ऐकायचे असा नियम असता, तर गुरुजींना उठवून लावावे लागले असते आणि चोखोबांचे नातूपणतू आजही पायरीशीच थांबले असते. श्रद्धेला धक्का बसला हे खरे, पण त्या धक्क्याने देव मोकळा झाला. म्हणून 'दुखावले' एवढ्यावर न्याय ठरत नाही. कोण दुखावले, कशाने दुखावले आणि त्या बोलण्याने कोणाचे काय गेले, हे पाहावेच लागते.

आता कायद्याचे. पोरांना वाटते की भावना दुखावणे हाच गुन्हा आहे. तसे नाही. राज्यघटनेच्या १९ व्या कलमात बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आहे आणि त्यावर कोणत्या कारणांनी मर्यादा घालता येते तेही लिहिले आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, नीती, अब्रुनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी अशी ती कारणे आहेत. दुखावलेली भावना हे कारण त्या यादीत वेगळे नाही. फौजदारी कायद्यातले २९५-अ हे कलम इंग्रजांच्या काळात, १९२७ मध्ये आले. लाहोरला एका पुस्तिकेवरून मुसलमान समाजात क्षोभ झाला, प्रकाशक राजपाल न्यायालयातून सुटले, तेव्हा हे कलम घालण्यात आले. आज नव्या न्याय संहितेत ते २९९ व्या क्रमांकाला आहे. त्यातही अट आहे की अपमान जाणूनबुजून आणि द्वेषबुद्धीने केलेला असावा. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम टिकवले, तेही अनवधानाने किंवा बेपर्वाईने झालेला अपमान यात बसत नाही असे सांगूनच. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. कलम आले, तरी १९२९ मध्ये राजपाल यांचा सुऱ्याने खून झालाच. ज्याला सुरा चालवायचा होता त्याचे समाधान कलमाने झाले नाही. इतर धर्मांविषयी बोलायची यांची छाती नाही, असे आपली पोरे म्हणतात, त्यांना मी विचारतो, आपल्याला लोकांनी तसे भ्यावे अशी इच्छा आहे का? दुसऱ्याचा धाक पाहून आपल्याला हेवा वाटू लागला, तर गळ्यातल्या माळेचा उपयोग काय?

मग बोलण्याला मर्यादा नाहीच का? आहे. पण ती आपण दाखवतो तिथे नाही. देवाविषयी, ग्रंथाविषयी, संतांच्या चरित्राविषयी कोणी शंका घेतली, टीका केली, अगदी टिंगल केली, तरी ती सोसून उत्तर द्यायची गोष्ट आहे. देव त्याने लहान होत नाही. पण अमक्या जातीच्या लोकांना मारा, तमक्या धर्माच्या माणसाला गावात राहू देऊ नका, त्याच्या दुकानात जाऊ नका, असे कोणी म्हणू लागला, तर तिथे मर्यादा ओलांडली. कारण देवाला कोणी मारू शकत नाही, माणूस मात्र मरतो. जिवंत माणसाविषयी ठाऊक असून खोटे पसरवणे हाही तसाच अपराध. तिथे पोलिसांत जा, पहिली सही माझी घ्या.

ही मर्यादा मान्य असेल तर तिची दोरी आधी आपल्या अंगणात धरावी लागेल. आज कीर्तनाच्या नावाखाली काही ठिकाणी काय चालते, हे तुम्ही मोबाइलवर पाहता आणि हसता. बायकांच्या कपड्यांवर, सुनांवर, मुलींच्या शिक्षणावर थट्टा. दुसऱ्या धर्मावर शेरे. एखाद्या जातीची नक्कल. समोर बसलेल्या माउलींच्या भावना तेव्हा दुखावत नाहीत का? त्या बायका खाली मान घालून बसतात आणि प्रसाद घेऊन घरी जातात. त्या सह्यांचा कागद घेऊन फिरत नाहीत, म्हणून त्यांचे दुखणे आपल्या हिशेबात नसते. ज्या गादीला नारदाची म्हणतो, तिच्यावरून असे बोलणाऱ्याला आपणच बिदागी वाढवून पुढच्या वर्षीची तारीख देतो. आपल्या बोलण्याला लगाम नाही आणि दुसऱ्याच्या बोलण्याला बेडी पाहिजे, हा कोणता न्याय?

लेखकांनाही मला एक सांगायचे आहे, कारण त्यांची बाजू घेऊन मी हे लिहीत नाही. बोलण्याचा अधिकार आहे, एवढ्याने बोलणे शहाणपणाचे होत नाही. संताच्या नावावर कथा रचायची असेल तर रचलेले कोणते आणि आधाराचे कोणते, हे वाचकाला सांगावे. ज्यांच्या घरात ते नाव पहाटे पहिल्यांदा उच्चारले जाते, त्यांच्याशी एकदा बसून बोलावे. भीतीने नव्हे, माहिती मिळावी म्हणून. तुकोबांनी स्वतःविषयी काही लपवले नाही. दिवाळे निघाले, दुष्काळात बायको अन्नावाचून गेली, लोकांत लाज गेली, हे सगळे त्यांनी आपल्या तोंडाने सांगितले. एवढे खरे समोर असताना आणखी रचायची गरज का पडावी, हा माझा त्या कादंबरीला प्रश्न होता. तो मी लेखक हयात असताना त्यांना पत्राने विचारू शकलो असतो. विचारला नाही. सही केली. त्यांच्याकडून उत्तर मिळण्याची वेळ आता गेली आहे.

म्हणून पोरांनो, तुम्हाला माझे सांगणे असे. त्या माणसाने जे लिहिले आहे ते आणा. आपण पाचजण ओसरीवर बसून ओळ न् ओळ वाचू. त्यात एखादी गोष्ट खरी निघाली तर मान्य करू, त्याने वारी थांबत नाही. खोटी निघाली तर गाथा काढू, चरित्रग्रंथ काढू, प्रमाणे शोधू आणि उत्तर लिहू. येत्या एकादशीला तुमच्यापैकी एकाने त्यावर कीर्तन करावे. त्यात आधी त्या माणसाचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत सांगावे आणि मग त्याचे उत्तर द्यावे. जमले तर त्यालाही निरोप पाठवू, येऊन ऐक म्हणून. आला तर त्याला बुक्का लावू आणि पंगतीला बसवू.

तो येईल की नाही, मला माहीत नाही. आला तरी रामेश्वरभट्टांसारखा पालटेल अशी खात्री मी देत नाही. पण त्या उत्तराच्या कागदावर माझी सही सगळ्यात वर असेल. चहाही राहिला आहे, तो प्यायला या.

राम कृष्ण हरी.